ढोल्या गणपती मंदिराची मत्स्याकार भिंत

श्रीक्षेत्र वाई हे कृष्णाकाठचे पुरातन तीर्थक्षेत्र ‘दक्षिण काशी’ या नावाने ओळखले जाते. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई सह्याद्रीचे पाणी घेऊन येथे येते. पावसाळ्यात तिचे पात्र पाहता पाहता दुथडी भरते. अशा नदीच्या ऐन काठावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७६२ मध्ये श्रीमहागणपतीचे मंदिर बांधले. मूर्तीच्या भव्यतेमुळे भाविक या देवास प्रेमाने ‘ढोल्या गणपती’ म्हणतात.

पुराच्या वाटेत उभे असलेले हे मंदिर अडीचशेहून अधिक वर्षे कसे टिकले, याचे उत्तर गाभाऱ्यामागे आहे. मंदिराची मागील भिंत सरळ नसून माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली आहे. सरळ भिंतीवर पाणी थेट आदळते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब सुमारे चौपट होतो. निमुळत्या भिंतीशी मात्र पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. वाहून आलेले ओंडकेही तेथे न अडकता बाजूस सरतात. नदीवरील जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूस टोक काढलेले असते, त्यामागील तत्त्व हेच होय. पाण्याशी झुंज न घेता त्याला वाट करून द्यावी, हा विचार त्या काळच्या कारागिरांनी दगडात साकारला.

पुढे वाईच्या वरच्या अंगास धोम येथे धरण झाले. तरीही अतिवृष्टीत विसर्ग वाढला की पुराचे पाणी मंदिर परिसरात येते. म्हणजे या भिंतीचे काम अद्याप संपलेले नाही.

वास्तूचे खरे शत्रू लहान असतात. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप वाढून चिरे सरकवते. जुन्या चुनेगच्ची बांधकामावर सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल कोंडते व दगड झिजू लागतो. म्हणून प्राचीन मंदिरास दान देताना नव्या फरशीपेक्षा आणि रंगरंगोटीपेक्षा जाणकारांच्या देखरेखीखालील जतनकार्यास प्राधान्य द्यावे. निर्माल्य नदीत वा भिंतीलगत टाकू नये.

दर्शनानंतर भाविकांनी मंदिराच्या मागील बाजूस जाऊन ही भिंत अवश्य पाहावी. ज्या पूर्वजांनी ती रचली, त्यांना मनोमन वंदन करावे, ही नम्र विनंती.