लहान विमानाचे एंजिन : रचना, कार्य आणि दक्षता

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात हा दिवस कायमचा नोंदला गेला. त्यांच्या ‘पुस मॉथ’ विमानाला होते एकच एंजिन, आणि तेही चार सिलिंडरांचे. पुढील काळात प्रवासी वाहतुकीत जेट एंजिनांचे युग अवतरले. तथापि वैमानिकाचे प्रारंभीचे शिक्षण आजही बहुधा दट्ट्याच्या, म्हणजेच पिस्टनच्या एंजिनावरच होते. महाराष्ट्रातून अनेक तरुण-तरुणी या व्यवसायाकडे वळत आहेत. अशा वेळी हे एंजिन कसे चालते आणि ते चालविताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

रचना

जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या गेलेल्या ‘सेसना १५२’ या दोन आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. त्यात लायकमिंग कंपनीचे ११० अश्वशक्तीचे एंजिन असते. त्याचे चार सिलिंडर दोन-दोनच्या जोड्यांनी परस्परांसमोर आडवे बसविलेले असतात. या मांडणीमुळे एंजिनाची उंची कमी राहते, हादरे कमी होतात आणि वैमानिकाला समोरचे स्पष्ट दिसते. मोटारीप्रमाणे येथे पाण्याची टाकी नसते. सिलिंडरांवर पातळ धातूच्या पंखड्या असतात आणि त्यांवरून वाहणारी हवाच उष्णता वाहून नेते. वजन वाचते व गळतीचे भय राहत नाही. मात्र जमिनीवर फार वेळ उभे राहिल्यास किंवा मंद वेगाने दीर्घकाळ चढत राहिल्यास एंजिन तापते, हे ध्यानात ठेवावे लागते.

चार धावा

दट्ट्याच्या चार धावांत एक आवर्तन पूर्ण होते. पहिल्या धावेत तो खाली सरकतो व हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत तो वर येऊन ते मिश्रण दाबतो. तेवढ्यात विद्युत ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि प्रसरण पावणारे वायू तिसऱ्या धावेत दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. खरे काम घडते ते या एकाच धावेत. चौथ्या धावेत जळालेले वायू बाहेर फेकले जातात. दट्ट्यांच्या या सरळ गतीचे भुजादंडामुळे चक्राकार गतीत रूपांतर होते आणि त्यालाच जोडलेला पंखा फिरतो. मिनिटाला २,५५० फेरे या कमाल गतीस चारही सिलिंडर मिळून सेकंदाला ८५ वेळा प्रज्वलन होते. यावरून प्रत्येक भागावर पडणाऱ्या ताणाची कल्पना यावी.

एकास दोन

ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो पुरवितो. एंजिनाच्याच गतीवर तो चालत असल्याने विमानाची बॅटरी निकामी झाली तरी ठिणगी थांबत नाही. शिवाय असे दोन मॅग्नेटो असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि दोन्ही संच परस्परांपासून स्वतंत्र असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान सुखरूप उतरविता येते.

म्हणूनच उड्डाणापूर्वी दोन्हींची पृथक परीक्षा घेतात. या विमानात एंजिन १,७०० फेऱ्यांवर ठेवून एकेक मॅग्नेटो बंद केला जातो. त्यावेळी फेरे किंचित घटतात; परंतु ही घट १२५ हून अधिक किंवा दोहोंतील फरक ५० हून अधिक नसावा. घट मुळीच झाली नाही, तर ते शुभचिन्ह समजू नये. बंद केलेला मॅग्नेटो प्रत्यक्षात बंदच झाला नसण्याचा तो संकेत असतो. अशा स्थितीत जमिनीवर उभ्या विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरविला, तरी एंजिन अकस्मात सुरू होऊन प्राणघातक इजा होऊ शकते. तेव्हा किल्ली काढलेली असली तरी प्रत्येक पंखा ‘जिवंत’ आहे असेच मानावे, हा विमानतळावरील पहिला धडा होय.

इंधन

या एंजिनांना ‘एव्हगॅस १०० एलएल’ हे विशेष पेट्रोल लागते. भारत ते पूर्वी आयात करीत असे. इंडियन ऑइलच्या गुजरातमधील तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे इंधन सप्टेंबर २०२२ मध्ये देशात प्रथमच उपलब्ध झाले. त्याचा रंग निळसर असतो. हा रंग म्हणजे ओळखीची खूण होय, कारण जेट विमानांचे केरोसीनसारखे इंधन चुकून भरले गेल्यास पिस्टन एंजिन उड्डाणानंतर अल्पावधीतच नादुरुस्त होऊ शकते.

दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. पाणी पेट्रोलहून जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. पावसाळी, दमट हवेत ही तपासणी विशेष काटेकोरपणे करावी लागते. टाकीतील साठाही केवळ काट्यावर विसंबून न राहता प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावा. इंधन संपल्यामुळे झालेले अपघात हे बहुतांशी टाळता येण्याजोगे असतात.

उंचीवर हवा विरळ होते. पण इंधनाचे प्रमाण तेच राहिले तर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. म्हणून वैमानिक लाल मुठीच्या साहाय्याने ते बेताने विरळ करतो. ते फाजील विरळ केल्यास अधिक शक्तीवर सिलिंडर तापतात आणि मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटून दट्ट्यांना इजा पोहोचते.

उष्ण प्रदेशातील बर्फ

कार्बोरेटरमध्ये बर्फ साचतो, हे ऐकून कोकणातील वाचकाला आश्चर्य वाटेल. परंतु अरुंद नळीतून वेगाने जाणारी हवा आणि बाष्पीभूत होणारे इंधन यांमुळे तेथील तापमान एकदम उतरते. बाहेर २० अंश सेल्सियसची सुखद पण दमट हवा असतानाही आत बर्फाचा थर जमू शकतो. फेरे हळूहळू घटणे, हे त्याचे पहिले लक्षण. अशा वेळी गरम हवेची मूठ पूर्ण ओढावी. वितळलेले पाणी आत जाताना एंजिन काही क्षण अधिकच अडखळते. घाबरून मूठ परत ढकलणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. धीर धरल्यास एंजिन पूर्ववत होते.

तेल आणि दक्षता

एंजिन सुरू होताच वैमानिकाची दृष्टी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे जाते. सुमारे अर्ध्या मिनिटात तो न चढल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. हवेत असताना दाब घसरून तापमान वाढू लागले, तर नजीकच्या विमानतळाकडे वळणे इष्ट.

एवढी काळजी घेऊनही एंजिन बंद पडलेच, तर विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत खाली येते. ‘सेसना १५२’ साठी ६० नॉट हा तरंगण्याचा योग्य वेग होय. तो आधी साधावा, उतरण्याजोगी जागा निवडावी आणि मगच इंधनाची तोटी, मिश्रण, गरम हवा व मॅग्नेटो ही क्रमाने तपासावीत. उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर एंजिन थांबल्यास धावपट्टीकडे परत फिरण्याचा मोह आवरून समोरच्याच दिशेस उतरावे. वळताना वेग व उंची दोन्ही गमावून अनेकांनी प्राण गमावले आहेत.

या एंजिनाला हवा, इंधन, ठिणगी आणि तेल एवढेच हवे असते, आणि यांपैकी बहुतेकांची खात्री जमिनीवरच करून घेता येते. हातातील तपासणी-सूची शंभराव्या उड्डाणालाही पहिल्या उड्डाणाइतक्याच निष्ठेने वाचणारा वैमानिक स्वतःचे आणि शेजारी बसलेल्याचेही प्राण सुरक्षित ठेवीत असतो.