घराचा कोपरा

मुलांनो, गणित फक्त वहीत असते असे तुम्हांला वाटते का? मग माझ्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर गावी चला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा भूकंप झाला. लोक गाढ झोपेत होते. सास्तूरची घरे कोसळली. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाड आणि वर मातीचे जड माळवद. जरा हिशेब करा. भिंत १० फूट लांब, ८ फूट उंच आणि २ फूट जाड असेल, तर ती १६० घनफूट भरते. तेवढीच विटांची भिंत ९ इंच, म्हणजे पाऊण फूट जाड असेल, तर ६० घनफूट. जमीन हलते तेव्हा जड भिंतीला धक्काही मोठा बसतो.

पुढे नव्या जागी गाव वसवताना सरकारने घरांचे तीन आकार ठरवले : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. ज्याची शेतजमीन जास्त, त्याचे घर मोठे. बेघर मात्र सगळेच सारखे झाले होते!

समजा, आपल्याला ४०० चौरस फुटांचे घर आखायचे आहे. लांबी रुंदीपेक्षा ९ फूट जास्त हवी. रुंदी क्ष फूट मानू. मग लांबी क्ष + ९.

क्ष (क्ष + ९) = ४००
क्ष² + ९क्ष − ४०० = ०

आता अशा दोन संख्या शोधा, की ज्यांचा गुणाकार ४०० आणि फरक ९ येईल. १० व ४०? फरक ३०. २० व २०? फरक शून्य. १६ व २५? जमले!

(क्ष + २५) (क्ष − १६) = ०

म्हणून क्ष = १६ किंवा क्ष = −२५. उणे २५ फूट रुंदीचे घर कोण बांधणार? ते उत्तर सोडून द्या. रुंदी १६ फूट, लांबी २५ फूट.

तुम्ही ज्याला अलजबरा म्हणता, त्याचे नाव नवव्या शतकात बगदादमध्ये राहणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथावरून आले. अरबीत ‘जब्र’ म्हणजे मोडलेले हाड बसवणे, असाही अर्थ आहे.

आता जमिनीवर या. खुंट्या ठोका, सुतळी ताणा. कोपरा काटकोनात आहे का, हे गवंडी कसे पाहतो? तो कोपऱ्यापासून एका सुतळीवर ६ फुटांवर आणि दुसरीवर ८ फुटांवर खूण करतो. दोन खुणांमधले अंतर १० फूट भरले, की कोपरा बरोबर; कारण ३६ + ६४ = १००. कोन फक्त २ अंशांनी चुकला, तरी २५ फुटांवर भिंतीचे टोक सुमारे साडेदहा इंच सरकते. म्हणून तो शेवटी दोन्ही कर्णही मोजतो. आपल्या घराचे दोन्ही कर्ण सुमारे २९ फूट ८ इंच यायला हवेत. पडताळून पाहा.

मग २५० चौरस फुटांचे घर तुम्ही आखा. लांबी रुंदीपेक्षा १५ फूट जास्त आहे. रुंदी किती? कर्ण किती?