रोज रात्री बॅकअप होत होता, तरी साडेचार महिन्यांची उधारी गेली

या आठवड्याच्या व्हिडिओत विनरार वापरून दुकानाच्या फाइलींचा बॅकअप आपोआप कसा घ्यायचा ते दाखवलंय. व्हिडिओत वेळ कमी पडतो, आणि एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायला जड गेली, म्हणून ती इथे लिहितोय.

आमचं दुकान तोरणमाळला. पुढे किराणा, मागच्या टेबलावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. आमच्याकडे उधारीचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, होळीवर चालतं. पाड्यांवरची बरीच माणसं मजुरीला गुजरातला जातात, होळीला परत येतात, तेव्हा जुना हिशोब मिटतो. मग नवीन उधारी सुरू होते आणि पावसाळ्यात ती सगळ्यात जास्त चढते. तेल, मीठ, तांदूळ, पोरांच्या वह्या. म्हणजे ऑगस्टमध्ये माझं निम्मं भांडवल लोकांच्या घरात असतं, आणि त्याचा पुरावा फक्त माझ्या कॉम्प्युटरवर.

बाबा आधी लाल वही लिहायचे. बीबीए करून आलो होतो, अंगात जोर होता. एप्रिल २०२४ पासून वही बंद, सगळं एक्सेलमध्ये, असं मीच ठरवलं. बाबा म्हणाले, "लाइट गेली तर?" मी म्हटलं, "रोज रात्री आपोआप बॅकअप होतो, काळजी करू नका."

होत होता, खरंच होत होता. ऑगस्टमध्ये दोन दिवस लाइट येत-जात होती, त्यात हार्ड डिस्क गेली. मी निवांत होतो. पेनड्राइव्ह लावला. रोजची एक, अशा सव्वाशेच्या वर फाइली, प्रत्येकीवर तारीख. शेवटची उघडली, आत मार्चपर्यंतचा हिशोब. तिच्या आधीची उघडली, तेच. सगळ्या फाइलींची साइज एकसारखी होती, ६१२ केबी. एक केबीचाही फरक नाही.

झालं असं होतं की मी बॅकअपला 'उधारी २०२३-२४' हे फोल्डर निवडलं होतं. १ एप्रिलला मी त्याच्या शेजारी 'उधारी २०२४-२५' उघडलं. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं काम इमानदारीने करत राहिलं. जुनं, बंद झालेलं फोल्डर रोज रात्री साडेआठला बांधून ठेवत राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. यूपीआयचे मेसेज, होलसेलवाल्याची बिलं आणि बाबांची आठवण, एवढ्यावर मी पाड्यापाड्यांवर फिरलो. बहुतेकांनी स्वतःहून आकडा सांगितला. एका मावशीने तर माझ्या अंदाजापेक्षा तीनशे रुपये जास्त सांगितले, "तेलाचा डबा राहिला ना त्यात." तरी साधारण अडतीस हजार बुडाले. ते कोणी बुडवले असं मी म्हणणार नाही. कोणाकडून घ्यायचे हेच मला माहीत नाही, तर बुडवलं कोणी म्हणायचं?

आता कामाचं बोलू.

आधी एक गैरसमज. "कॉम्प्रेस केलं की फाइल लहान होते" हे अर्धंच खरं. कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधतं. 'तांदूळ ५ किलो' दोनशे वेळा आलं असेल तर ते एकदाच पूर्ण ठेवतं, बाकी ठिकाणी 'तेच, मागे बघ' एवढी खूण करतं. यामागची युक्ती लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी १९७७ मध्ये मांडली, आणि आजही झिप फाइलीच्या पोटात तिचंच रूप आहे. पण जेपीजी फोटो आधीच दाबलेला असतो. स्कॅन केलेली पीडीएफही बहुतेक वेळा तशीच. आणि गंमत म्हणजे आजची एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल ही मुळातच एक झिप आहे. विश्वास नसेल तर एखाद्या फाइलीची कॉपी करा, शेवटचं 'एक्सएलएसएक्स' पुसून 'झिप' लिहा आणि उघडून बघा, आत फोल्डरं दिसतील. पिळलेलं धोतर पुन्हा पिळून किती पाणी निघणार? खरा फरक पडतो तो साध्या टेक्स्ट फाइली, सीएसव्ही, जुन्या एक्सएलएस फाइली आणि बीएमपी स्कॅनमध्ये.

मग दुकानदाराने हे सॉफ्टवेअर वापरायचं कशाला? बांधण्यासाठी. शेकडो फाइलींचं एक गाठोडं होतं, त्यावर तारीख पडते, त्याला कुलूप लागतं, त्याचे तुकडे करता येतात, आणि गाठोडं वाटेत फाटलं का ते तपासता येतं. किराणा मालाच्या भाषेत सांगायचं तर हे पॅकिंगचं काम आहे. माल कमी होत नाही, नेता येतो.

विनरारमध्ये हे एकदा बसवलं की झालं. दुकानाच्या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करून 'ॲड टू आर्काइव्ह' उघडा. मुख्य म्हणजे मुख्य. माझं आता एकच 'दुकान' फोल्डर आहे, त्याच्या आत सगळी वर्षं. नवीन वर्ष आलं तरी ते त्याच छपराखाली येतं. नाव ठेवायच्या जागी ब्राउज करून पेनड्राइव्ह निवडा. 'टेस्ट आर्काइव्ड फाइल्स'वर टिक करा, आणि फॉरमॅट रार ठेवला असेल तर 'ॲड रिकव्हरी रेकॉर्ड'वरही. या दुसऱ्या टिकेमुळे गाठोड्यात थोडी जास्तीची माहिती भरली जाते, आणि फाइल थोडीफार खराब झाली तर तिच्यावरून दुरुस्त करता येते. साइज किंचित वाढते, वाढू द्या.

मग 'बॅकअप' टॅबमध्ये 'जनरेट आर्काइव्ह नेम बाय मास्क' निवडा आणि वर्षासाठी वाय हे अक्षर चार वेळा, महिन्यासाठी एम दोन वेळा, दिवसासाठी डी दोन वेळा लिहा. आता प्रत्येक गाठोड्याच्या नावात त्या दिवसाची तारीख आपोआप येईल. हे केलं नाही तर रोजचा बॅकअप एकाच नावाच्या फाइलीत जाईल, आणि ज्या दिवशी एक्सेल बिघडेल त्या दिवशी चांगल्या प्रतीच्या जागी बिघडलेली प्रत येऊन बसेल.

आता पहिल्या टॅबवर परत या, 'प्रोफाइल्स' दाबा आणि नवीन प्रोफाइल तयार करा. तिथे आर्काइव्हचं नाव जपायचं, निवडलेल्या फाइलींची नावं जपायची, लगेच काम सुरू करायचं आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवायचा, अशा चारही टिका करा. एवढं केलं की डेस्कटॉपवर एक चिन्ह येतं आणि त्यावर डबल क्लिक म्हणजे अख्खा बॅकअप. ज्यांच्या दुकानात पोरगा किंवा वहिनी गल्ला सांभाळतात त्यांना इथेच थांबलं तरी चालेल. शटर ओढायच्या आधी डबल क्लिक करायचं, एवढं कोणालाही शिकवता येतं.

पूर्ण आपोआप हवं असेल तर विंडोजमधलं 'टास्क शेड्युलर' उघडा. 'क्रिएट बेसिक टास्क', मग डेली, मग वेळ, मग 'स्टार्ट अ प्रोग्राम'. आता त्या डेस्कटॉपच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'ची ओळ बघा. अवतरण चिन्हातला पहिला भाग प्रोग्रामच्या चौकटीत टाका, उरलेला 'ॲड आर्ग्युमेंट्स'च्या चौकटीत. वेळ अशी ठेवा की दुकान बंद करायची घाई सुरू झालेली असेल पण कॉम्प्युटर चालू असेल, आणि त्याआधी एक्सेल बंद करायची सवय लावा.

डोंगरातल्या माणसांसाठी इथे दोन सेटिंग फार महत्त्वाच्या आहेत, आणि त्या कोणी सांगत नाही. टास्क तयार झाला की त्याच्या प्रॉपर्टीज उघडा. 'कंडिशन्स'मध्ये 'कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा' अशा अर्थाची टिक आधीपासून असते. लॅपटॉप असेल आणि साडेआठला लाइट गेलेली असेल तर त्या दिवशी बॅकअप होणारच नाही, आणि तुम्हाला कळणारही नाही. ती टिक काढा. मग 'सेटिंग्ज'मध्ये वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर टास्क चालवण्याची टिक असते, ती लावा. रात्री कॉम्प्युटर बंद पडला असेल तर सकाळी चालू केल्यावर तो राहिलेलं काम उरकेल.

नेटवर्कचंही सांगतो. इथून मोठी फाइल पाठवायची म्हणजे रेंजची वाट बघणं आलं. जीमेलला २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर मोठी फाइल अर्ध्यात तुटली की मनस्ताप. विनरारमध्ये 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या जागी १५ एमबी लिहा, गाठोड्याचे तुकडे पडतात. एक तुकडा अडकला तर तेवढाच परत पाठवायचा. समोरच्याला मात्र आधीच सांगून ठेवा की सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवून पहिला उघडायचा.

आता पैशांचं. विनरार हे शेअरवेअर आहे. आधी वापरा, पटलं तर पैसे द्या. १९८० च्या दशकात हा धंद्याचा प्रकार अमेरिकेत रुजला. १९८९ मध्ये फिल कॅट्झने पीकेझिप याच पद्धतीने विकलं आणि झिप फॉरमॅटची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. रार हा फॉरमॅट युजीन रोशल या रशियन प्रोग्रामरचा, १९९३ चा. विनरारची मुदत ४० दिवस. त्यानंतर ते बंद पडत नाही, फक्त लायसन्स घ्या अशी आठवण करून देत राहतं. जगभर लोक वर्षानुवर्षं ती खिडकी बंद करून पुढे जातात, त्यावर विनोदही भरपूर आहेत.

मला त्यावर हसू येत नाही. ही सॉफ्टवेअरवाल्याची उधारीच आहे की. आपण पाड्यावर जाऊन "मावशी, मागचं राहिलंय" म्हणायचं, आणि आपल्या टेबलावर दुसऱ्याची उधारी रोज सकाळी बंद करायची, हे मला पटलं नाही. धंद्यासाठी वापरताय तर लायसन्स घ्या. नसेल घ्यायचं तर सेव्हन-झिप वापरा. ते इगोर पावलोव्हने १९९९ मध्ये आणलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, धंद्यातही एक रुपया न देता चालतं. प्रोफाइलची सोय विनरारमध्ये जास्त सोपी आहे, म्हणून मी पैसे भरले. क्रॅक केलेली आवृत्ती मात्र पेनड्राइव्हवरून कोणाकडून घेऊ नका. बॅकअपचं सॉफ्टवेअरच व्हायरस घेऊन आलं तर काय राहिलं?

आणि अपडेटकडे लक्ष ठेवा, कारण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात एक भोक सापडलं होतं. झिपमध्ये फोटोसारखी दिसणारी फाइल उघडली की मागून भलताच प्रोग्राम चालायचा, आणि शेअर ट्रेडिंग करणाऱ्यांना यात लक्ष्य केलं गेलं. ते ६.२३ आवृत्तीत बुजवलं. २०२५ मध्ये आणखी एक सापडलं, ते ७.१३ मध्ये. 'हेल्प'मध्ये जाऊन तुमच्याकडचा आकडा बघा. त्याच्या खालचा असेल तर आज नवीन टाका.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी एक. लोकांचे आधार, जातीचे दाखले, बँक पासबुकचे स्कॅन आपल्याकडे साचतात. बॅकअपला पासवर्ड लावा, 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा, म्हणजे आत कोणाच्या फाइली आहेत हेही दिसणार नाही. पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा, कारण तो विसरलात तर गाठोडं तुमच्यासाठीही बंद. त्याहून बरं म्हणजे काम झाल्यावर ते स्कॅन पुसून टाका. जे आपल्याकडे नाही ते चोरीला जात नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. दोन पेनड्राइव्ह आहेत, एक दुकानात लावलेला, एक घरी, दर सोमवारी अदलाबदल. आठवड्याचं एक गाठोडं रेंज मिळेल तेव्हा गूगल ड्राइव्हवर जातं. सोमवारी पेनड्राइव्ह बदलताना शेवटच्या सात फाइलींची साइज बघतो. धंदा चालू असताना सातही दिवस साइज तीच असेल तर काहीतरी चुकलंय. 'टेस्ट' एवढंच सांगते की गाठोडं फाटलेलं नाही. आत बरोबर माल आहे का, ते तिला कळत नाही. माझ्या सव्वाशे फाइली टेस्टमध्ये पास झाल्या होत्या.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायचा आणि कालची शेवटची नोंद शोधायची. आमच्याकडे हे काम बाबांकडे आहे. मी लॅपटॉपवर फाइल उघडून देतो, ते त्यांच्या लाल वहीतली शेवटची ओळ वाचतात आणि स्क्रीनवर बोट ठेवतात. हो, वही परत सुरू झालीये. मागच्या महिन्यात त्यांनी एक चूक पकडली, साखरेचे दोन किलो मी दुसऱ्याच्या नावावर टाकले होते.

पुढच्या व्हिडिओत उधारीच्या एक्सेलचे कॉलम कसे मांडायचे ते बघू. तोवर ही सगळी सेटिंग आजच करा आणि उद्या सकाळी ती फाइल उघडून आत काय आहे ते बघा.