दिवेलागणीचा दीड तास

दिवेलागणीस घरातील सर्वांनी एकत्र बसावे, मुलांनी पाढे म्हणावेत, वडील माणसांनी दिवसाची विचारपूस करावी, हा आपल्या बेळगाव-निपाणी भागातील घरांचा जुना परिपाठ. आज त्याच वेळी एका घरातील चार माणसे चार मोबाईलांवर मान वाकवून बसलेली दिसतात. कोणी कोणाशी भांडत नाही. परंतु कोणी कोणाशी बोलतही नाही. या मौनास शांती म्हणावे काय, याचा आज विचार करू.

समाजमाध्यमे सर्वथा त्याज्य आहेत, असे आमचे म्हणणे नाही. दूरदेशी गेलेल्या मुलाचे मुख त्यांच्यायोगे आईस दिसते. तथापि त्यांची रचना ध्यानी घेतली पाहिजे. पुस्तक संपते, कीर्तन संपते. ही चित्रमालिका मात्र संपतच नाही. आपण जितका वेळ पाहू, तितक्या अधिक जाहिराती आपणांस दाखविता येतात. म्हणून तिला शेवट ठेवलेला नाही. शिवाय दुसऱ्याचे निवडक सुख सतत पाहून आपला संसार उणा भासू लागतो, झोप घटते, चित्त अस्थिर होते. ज्यांचे घराणे मूळचे आपल्याच राज्यातील मंड्या जिल्ह्याचे, ते अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये इशारा दिला, की या माध्यमांत रोज ३ तासांहून अधिक वेळ घालविणाऱ्या किशोरवयीनांस चिंता व नैराश्य यांचा धोका दुप्पट असतो.

मग उपाय कोणता? एकट्याचा निश्चय टिकत नाही, हा आमचाही अनुभव आहे. मोबाईल कपाटात ठेवावा, तर शेजारच्या खोलीतील आवाज मन ओढून घेतो. या बाबतीत लगतच्या सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण मननीय आहे. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली; पुढे शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने ठराव केला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि ८.३० पर्यंत प्रत्येक घरी मोबाईल व टीव्ही बंद राहावा. प्रारंभी पुरुषांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. गावातील स्त्रियांनी मात्र आपणही मालिकांच्या आहारी जात असल्याचे प्रांजळपणे मान्य केले आणि ठरावास पाठबळ दिले.

यातील मर्म भोंग्यात नाही. तो कोणाच्या हातून मोबाईल हिसकावून घेत नाही. केवळ वेळ झाल्याचे सांगतो. मर्म हे, की त्या वेळी शेजारीही मोबाईल ठेवतो आणि बापही ठेवतो. मूल उपदेश ऐकून शिकत नाही. वडिलांचे हात पाहून शिकते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक कुटुंबाने प्रथम एक महिना रोज सायंकाळचा दीड तास असा राखावा. आरंभ वडील माणसांनी करावा.

मननार्थ प्रश्न :
१. आपल्या घरी सर्वांनी मिळून शेवटचे निवांत बोलणे केव्हा झाले?
२. मुलाच्या हातचा मोबाईल काढून घेताना आपल्या हाती काय असते?