इंजिन ‘मिसिंग’ का करते?

चढावर धापा टाकणारी आणि सिग्नलला उभी असताना अंगभर थरथरणारी जुनी मोटार आपण पाहिली असेलच. गॅरेजमधला मेकॅनिक बॉनेट उघडण्यापूर्वीच सांगून टाकतो, “एक सिलिंडर मिसिंग करतोय.” हे त्याला नुसत्या कानाने कसे कळते?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत आहे असे समजू. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० आणि चारांत मिळून १,६०० वेळा, अर्थात सेकंदाला सुमारे २७ वेळा ज्वलन होते. इतक्या जलद येणारे धक्के आपल्याला सुटे सुटे जाणवत नाहीत; शिवाय फ्लायव्हीलचे जडत्व ते बरेचसे पुसून टाकते. पण एक सिलिंडर गप्प बसला की दर दोन फेऱ्यांना एक धक्का गळतो, म्हणजे सेकंदाला ६ ते ७ वेळा. ही संथ लय हाताला आणि कानाला चटकन कळते. आजच्या मोटारींतील संगणकही याच मार्गाने जातो. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर फिरण्याच्या गतीतील क्षणिक घट टिपतो आणि दोष तिसऱ्या सिलिंडरचा असेल तर ‘पी०३०३’ असा संकेतांक नोंदवतो.

मात्र संकेतांकाने रोगी कोण ते कळले, रोग कळला नाही. ज्वलनाला वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी हवी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण हवे (वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा) आणि पुरेसा दाब हवा. यांपैकी काय उणे पडले, ते इंजिन केव्हा मिसिंग करते यावरून बरेचसे ओळखता येते.

ठिणगीचेच पाहा. स्पार्क प्लगच्या दोन अग्रांत साधारण १ मिलिमीटर फट असते. मोकळ्या हवेत ती ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत रेणूंची दाटी असल्याने इलेक्ट्रॉनांना मोकळी धाव मिळत नाही. तेथे दहा हजारांहूनही अधिक व्होल्ट लागतात. त्यातून प्रत्येक ठिणगीबरोबर अग्राचा किंचित धातू झिजतो आणि हजारो किलोमीटरनंतर फट रुंदावते. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, हवा अधिक भरते, दाब वाढतो, आणि नेमकी तेथेच ठिणगी कच खाते. सपाटीवर तीच गाडी शहाण्यासारखी चालते!

याउलट, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गातील एखादी रबरी नळी चिरली, तर गाडी उभी असतानाच थरथरते. त्या वेळी इंजिन मुळात थोडी हवा घेत असते, त्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचा हिस्सा मोठा ठरून मिश्रण पातळ होते. वेग वाढवला की तो हिस्सा नगण्य होतो आणि थरथर थांबते.

माझ्या सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या गाडीने कसारा घाटात असेच झटके दिले. संकेतांक होता पी०३०३. एका गॅरेजने चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. बाकी कशालाही हात लावला नाही. जुना संकेतांक पुसून गाडी पुन्हा चढावर नेली, तर आता नोंद झाली पी०३०२! कॉइल सरकली तसा दोषही सरकला. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा आपल्या प्रयोगशाळेतलाच नियम. दोष जागेवर राहिला असता तर मग प्लग, नंतर इंजेक्टर आणि शेवटी दाब तपासायचा. दाब कमी भरला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आता तो वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कॉइल मिळाली तरी काम संपले नव्हते. प्लगमधील फट १.४ मिलिमीटर भरली. ती ओलांडण्यासाठी कॉइलला सतत जास्त व्होल्ट द्यावे लागत होते. नुसती नवी कॉइल बसवली असती तर तीही लवकर गेली असती. प्लग बदलायचे राहून गेले होते, तसेच आणखीही काही. टायमिंग बेल्ट तुटला तर कित्येक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन ब्रेक दबतच जातो. माझ्या मते थकलेल्या कामांत ही दोन आधी उरकावीत. रंगरंगोटीला घाई नाही.

पूर्वी चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक काढून पाहत. जिच्या काढण्याने फरक पडत नाही, तो सिलिंडर बंद. युक्ती सुंदर, पण आजच्या कॉइलच्या बाबतीत घातक. आपण ती मुळीच करू नये. आणि इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळवू शकते.

आता एक गणित. तीन सिलिंडरांच्या गाडीत एक सिलिंडर बंद पडला, फेरे तेच ८००. सेकंदाला किती धक्के गळतील? चार सिलिंडरांच्या उत्तराशी ताडून पाहा.