धन्वंतरी महाल आणि वातरक्त

तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. किल्ल्यापुरती सत्ता उरलेल्या या राजाने १८३२ पर्यंतचे आपले आयुष्य ग्रंथसंग्रहात आणि विद्येत घालविले. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्यांच्या धन्वंतरी महालाविषयी मराठी वाचकास त्या मानाने फारच थोडे ठाऊक असते. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे एकत्र काम करीत. अनुभवास उतरलेले औषधपाठ दरबारच्या कवींकडून तमिळ पद्यांत बांधून घेतले जात. पुढे सरस्वती महालाने ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने रोगवार प्रसिद्ध केले. ‘शरभेंद्र’ म्हणजे सरफोजीच.

अशा ग्रंथांचे भाषांतर करताना खरी अडचण वनस्पतींच्या नावांची नसते. तमिळ ‘शींदिल’ म्हणजे आपली गुळवेल, ‘सुक्कु’ म्हणजे सुंठ, हे कोशात सापडते. अडचण रोगाच्या नावाची असते. हातापायांत मुंग्या, बधिरता, दाह, त्वचेचा पालटलेला रंग ही लक्षणे वाचली की आजचा भाषांतरकार सहज ‘रक्ताभिसरणाचा विकार’ असे लिहून मोकळा होतो. परंतु हृदयातून निघालेले रक्त फिरून हृदयाकडेच येते, हे हार्वेने १६२८ साली मांडले. प्राचीन ग्रंथकारांची कल्पना निराळी होती. त्यांच्या लेखी वाढलेला वात आणि दूषित रक्त परस्परांची वाट अडवितात आणि ‘वातरक्त’ उत्पन्न होते. ते बहुधा पायांपासून सुरू होऊन उंदराच्या विषासारखे सावकाश अंगभर पसरते. सुखवस्तू माणसांना होणारा म्हणून त्यास ‘आढ्यवात’ असेही म्हणत. आजचे वैद्य त्यात मुख्यत्वे सांध्यांत युरिक आम्ल साठण्याचा विकार ओळखतात. पण वर्णनाची कक्षा त्याहून मोठी आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय याच रोगाचा आहे. गुळवेल हे यावरील प्रमुख औषध. मंजिष्ठा, अनंतमूळ, राळ आणि मेण तिळाच्या तेलात सिद्ध करून होणारे पिंडतैल दाह व वेदना शमविण्यासाठी बाहेरून लावतात. जळवा लावून रक्त काढण्याचीही आज्ञा आहे. मात्र त्याच अध्यायात एक निषेध सांगितला आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो: अवयव म्लान होत चालला असेल, रोग रूक्ष व वातप्रधान असेल, तर रक्त काढू नये.

जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे १८८४ साली हेक्राफ्टने दाखविले. तुटलेले बोट जोडल्यानंतर शिरांत रक्त तुंबले, तर शल्यचिकित्सक आजही जळवा लावतात. धमनीतून रक्त येतच नसेल, तर मात्र जळूने काही साधत नाही. चरकाचा निषेध याच कारणाने होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. दोन्ही ठिकाणी एकाच रोग्याला वगळले गेले, एवढे खरे.

हा रोगी आज कसा ओळखावा? चालताना पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर ओसरतो. पाऊल थंड पडते. बोटावरची जखम भरत नाही किंवा बोट काळसर होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह्यांत हे विशेष आढळते. अशा वेळी तेल चोळीत दिवस घालविल्यास पाय गमवावा लागतो. पावलावरची नाडी लागते की नाही, हे प्रथम डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. धमनीचे आकुंचन पिंडतैलाने दूर होत नाही. मधुमेह्याच्या बधिर पायाला गरम शेक देणे तर उघड धोक्याचे, कारण भाजल्याचे त्याला कळतच नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर औषध म्हणून भरपूर लसूण खाण्याआधीही विचारावे.

म्हणून ‘वातरक्त’ हा शब्द भाषांतरात तसाच ठेवावा, अशा मताचा मी आहे. ‘रक्ताभिसरणाचा विकार’ असे छापले, तर धमनी बुजलेला वाचक तो पाठ आपल्यासाठीच आहे असे समजेल.