हात वर करण्याआधी

जळगाव

चि. सायलीस,


पतसंस्थेच्या संचालकपदी निवडून आलीस, ताईने फोनवर सांगितलं. चेअरमन 'फार दिलदार' आहेत असं तू कळवलंस, म्हणून हे लिहितो. दिलदारी कुणाच्या पैशावर चालली आहे, ते आधी बघ.

आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारं मन, या तिन्हींना पॉलहस आणि विल्यम्स या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये 'काळं त्रिकूट' म्हटलं. पंचाईत अशी की पहिल्या भेटीत हेच गुण आत्मविश्वास, हुशारी आणि खंबीरपणा म्हणून खपून जातात. त्यात आपल्या खान्देशात पुढारी म्हणजे दादा, भाऊ, आप्पा, नाना. मग सभेत हिशेब विचारणं म्हणजे वडीलधाऱ्याला उलट बोलणंच की!

जळगाव पालिकेच्या घरकुल घोटाळ्याचा निकाल तुमच्या धुळ्यातच लागला. ३१ ऑगस्ट २०१९ ला विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेशदादा जैन यांना ७ वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड सुनावला. पुढे प्रकरण अपिलात गेलं. कुणाच्या स्वभावाचं निदान करायला मी काही डॉक्टर नाही. माझं लक्ष अडकतं ते ४८ या आकड्यावर. एवढे जण दोषी ठरले, आणि त्यांत माजी नगरसेवक पुष्कळ. फिर्याद २००६ मध्ये दिली ती तेव्हाचे पालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी, म्हणजे या दादा-भाऊंच्या गोतावळ्याबाहेरच्या माणसाने.

आता तूही संचालक समितीत आहेस; तुला १५ दिवसांत जबाबदारीचं बंधपत्र द्यावं लागेल. सहकार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांवर मिळून असते आणि एकेकावरही. 'मी नुसता हात वर केला' हे तिथे चालत नाही.

'ऐनवेळच्या विषयां'त मोठं कर्जप्रकरण घुसलं, तर पुढच्या सभेवर टाकायला सांग. विरोध तोंडी ठेवू नकोस, इतिवृत्तात लिहून घे आणि इतिवृत्त कायम होताना ते नीट वाच. खरा दिलदार माणूस चिडेल, पण लिहू देईल. दुसरा गोड हसून म्हणेल, "ताई, घरातल्या गोष्टी कागदावर कशाला?" आणि पुढच्या सभेची नोटीस तुला नेमकी उशिरा मिळेल. तसं झालं तर ती कधी मिळाली, त्याची तारीख टाकूनच सही कर.

पहिला अजेंडा हाती आला की मला व्हॉट्सॲपवर पाठव. मामी पेढ्यांची वाट बघते आहे.

तुझा,
मामा